रात्रीतून झाडं कोण खाऊन जातंय? बागेतला चोर ओळखायची पद्धत, पायरी पायरीने

सकाळी बागेत गेलात आणि कालपर्यंत चांगलं टवटवीत असलेलं रोप म्हणजे नुसता देठ उरलाय असं दिसलं, की पहिल्यांदा काय होतं तर डोक्यात एक नाव येतं. ससा. माकड. उंदीर. नाहीतर कोणाची तरी सुटलेली बकरी. आणि एकदा नाव आलं की मग आपण पुरावे बघतच नाही, त्या नावाला जुळतील तेवढेच पुरावे शोधत बसतो.

माझं अगदी हेच झालं होतं. घेवड्याची रोपं, चार-पाच इंचाची, रोज सकाळी दोन-तीन आडवी पडलेली दिसायची. आठवड्यापूर्वी कुंपणाजवळ एक ससा पाहिला होता, बस, तेवढ्यावर मी केस बंद केली. वाफ्याभोवती दोन फूट उंच जाळी लावली, खालून मातीत पुरली, अख्खा रविवार गेला त्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तीन रोपं आडवी. मग जाळी अजून घट्ट केली, परत तेच. तिसऱ्या आठवड्यात वैतागून आडव्या पडलेल्या रोपाच्या बुडाशी बोटाने माती उकरली तर इंचभर खाली एक करडी, गुळगुळीत, जाडसर अळी अंगाचं वेटोळं करून निवांत झोपलेली. म्हणजे मी चोराला आत ठेवून बाहेरून कुंपण घातलं होतं. आणि पुरावा पहिल्या दिवसापासून समोरच होता: रोप कापलेलं होतं पण खाल्लेलं नव्हतं, तिथल्या तिथे पडलेलं होतं. ससा एवढे कष्ट घेऊन रोप कापेल आणि जेवण तसंच टाकून जाईल का?

तर खाली जो क्रम दिलाय तो याच चुकीतून आलाय. शक्यतो याच क्रमाने जा, कारण पायाचे ठसे बघायला सगळ्यांना आवडतं पण ठसा फक्त कोण येऊन गेलं ते सांगतो, कोणी खाल्लं ते नाही. मांजर रोज रात्री तुमच्या वाफ्यातून जात असेल, म्हणून ती कोबी खात नाही.

पायरी १: पाणी घालायच्या आधी फोटो

सकाळी पाईप हातात घ्यायच्या आधी मोबाईल हातात घ्या. पाणी घातलं की ठसे गेले, गोगलगायीची चमकती रेघ गेली, लेंड्या विरघळल्या. तुटलेली पानं लगेच उचलून साफसफाई करू नका, ती पानंच तर साक्षीदार आहेत.

तीन फोटो पुरतात. एक लांबून, अख्खा वाफा दिसेल असा. एक त्या झाडाचा, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून, म्हणजे नंतर साईज कळते. आणि एक अगदी जवळून, जिथे कापलंय तिथला. मोबाईलचा फोटो मोठा करून बघितला की डोळ्यांना न दिसलेलं बरंच दिसतं. सोबत दोन ओळी लिहून ठेवा: कुठलं झाड, जमिनीपासून किती उंचीवर, काल कधी शेवटचं धड पाहिलं होतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, पुढे येईलच.

पायरी २: काय उरलंय?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. काय खाल्लंय हे सगळेच बघतात, काय सोडलंय ते बघा.

कोवळं रोप जमिनीलगत कापून तिथेच पडलंय, पानं शाबूत आहेत: रोपं कुरतडणारी अळी, जवळजवळ नक्कीच. बुडाशी हातभर जागेत माती दोन-तीन इंच उकरा, दिवसा ती तिथेच असते, हात लावला की वेटोळं करते.

रोप वरून गायब, खाली फक्त थोटूक: सस्तन प्राणी, म्हणजे ससा, हरीण, उंदीर, बकरी यांच्यापैकी कोणीतरी. कोण ते पुढच्या पायरीत.

रोप अख्खं उपटून बाजूला टाकलंय, मुळाशी चिकटलेलं बी मात्र गायब: पक्षी. नुकतं उगवलेलं रोप ओढून बी खायचं आणि बाकीचं टाकून द्यायचं हे कावळे, कबुतरं यांचं नेहमीचं काम. उंदीर पण बी खातो पण तो शक्यतो उकरून खातो, एकेका बियाच्या जागी छोटा खड्डा दिसतो.

रोप उभंच आहे पण कोमेजलंय, पाणी घालूनही उठत नाही, आणि हलकेच ओढलं तर सहज हातात येतं: मुळं खाल्लीयेत. मुळांजवळ पांढरट, वाकडी, भुऱ्या डोक्याची अळी सापडली तर हुमणी. बीळ किंवा पोकळी सापडली तर उंदराच्या जातीतलं कोणीतरी.

अर्धवट खाल्लेली फळं इकडेतिकडे विखुरलेली, फांद्या मोडलेल्या, कच्ची फळं एक चावा घेऊन फेकलेली: माकडं. यांना खायला कमी आणि नासधूस जास्त लागते, आणि दिवसाढवळ्या येतात त्यामुळे ओळखायला काही डिटेक्टिव्हगिरी लागत नाही.

फळझाडाखाली सकाळी रस शोषून घेतलेले चोथ्याचे चपटे गोळे पडलेले: वटवाघळं. फळ तोंडात चावून रस गिळतात आणि चोथा थुंकतात. कधीकधी तर गंमत अशी की ज्या झाडाखाली चोथा सापडतो ते फळझाड नसतंच, वटवाघूळ फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर जाऊन लटकून खातं, त्यामुळे भलत्याच झाडाखाली चोथा आणि बिया दिसतात.

पायरी ३: कापलेली जागा वाचा

इथे घाई करू नका, अर्धं उत्तर इथेच आहे.

आधी दातांची गोष्ट समजून घ्या. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे पटाशीचे दात नसतात, त्या जागी नुसती कडक हिरडी असते. त्यामुळे हरीण कापत नाही, खालचे दात आणि वरची हिरडी यात धरून झटका देऊन तोडतं. म्हणून देठाचं टोक फाटलेलं, धागे लोंबणारं, कधी एका बाजूने साल सोललेलं दिसतं. आता इथे एक गोची आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांनाही वरचे पटाशीचे दात नसतात, तोडायची पद्धत सेम. म्हणजे फाटका देठ बघून लगेच जंगली हरीण आलं म्हणून नाचू नका, आधी रात्री कोणाची जनावरं मोकाट असतात ते बघा. चोर सोडून संन्याशाला फाशी हा प्रकार बागेत सर्रास चालतो.

सशाला वर-खाली दोन्हीकडे धारदार पटाशीचे दात असतात, एवढंच नाही तर वरच्या दातांच्या मागे अजून एक छोटी जोडी असते. तो देठ तिरका कापतो, साधारण ४५ अंशात, आणि इतका स्वच्छ की कात्रीने छाटल्यासारखा वाटतो. पेन्सिलीएवढ्या जाडीपर्यंतच्या कोवळ्या फांद्या तो आरामात अशा कापतो. घरात कोणी सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) चालवली का असं विचारायची पाळी आली तर सशाचा नंबर वर घ्या.

उंदीरही तिरकं आणि साफ कापतो, त्यामुळे ससा की उंदीर हा घोळ नेहमीचा. फरक दातांच्या खुणांच्या रुंदीत आहे. कडक काहीतरी शोधा, म्हणजे भोपळा, कंद, फांदीची साल, अगदी प्लास्टिकचा पाईपसुद्धा. त्यावर शेजारी शेजारी दोन खाचा दिसतील. घरातल्या छोट्या उंदराची खाच अगदी बारीक, जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. मोठ्या उंदराची ठळक, दोन्ही मिळून साधारण साडेतीन-चार मिलिमीटर. खाच त्याहून बरीच रुंद असेल आणि झाडाच्या बुंध्याची साल खालून सोललेली असेल, कंद उकरून खाल्लेले असतील, तर साळिंदराचा विचार करा. आसपास काळे-पांढरे पट्टे असलेला काटा पडलेला सापडला तर मग शंकाच नको. (साळिंदर काटे बाणासारखे फेकतं हे खरं नाही, ते सैल असतात आणि गळतात, एवढंच.)

आता पानं. पानाच्या मधोमध वेडीवाकडी भोकं, कडा थोड्या खरवडल्यासारख्या, आणि पानावर किंवा मातीवर वाळलेली चंदेरी चमकती रेघ असेल तर गोगलगाय, शंखाची किंवा बिनशंखाची शेंबडी. तिला आपल्यासारखे दात नसतात, किसणीसारखी जीभ असते, त्यामुळे चावा दिसत नाही तर किसलेलं दिसतं. कोवळ्या पानाचा वरचा थर किसून खाली पातळ पापुद्रा ठेवलेला पण दिसतो.

कडेपासून आत खात आलेलं पान असेल तर नाकतोडा किंवा अळी. अळी असेल तर खालच्या पानांवर बारीक काळे-हिरवे दाणे पडलेले दिसतात, ती तिची विष्ठा. हे दाणे दिसले की मान वर करा, बरोब्बर त्याच्या वरच्या पानाच्या खालच्या बाजूला मॅडम चिकटलेल्या असतात. रंग झाडासारखाच असल्यामुळे पाच मिनिटं टक लावून बघावं लागतं, मग एकदम दिसते, आणि एक दिसली की चार दिसतात.

पानाच्या कडेला कंपासने काढल्यासारखे गोल किंवा अर्धगोल तुकडे कापून नेलेले असतील तर ती पानं कापणारी माशी, मधमाशीचीच नातेवाईक. ती पान खात नाही, घरट्यात अंड्यांभोवती गुंडाळायला नेते. गुलाबावर हे फार दिसतं. झाडाला काही होत नाही आणि परागीभवन करते बिचारी, तिला सोडून द्या.

कबुतरं कोबीवर्गातली पानं टोचून फाडतात आणि जाड शिरा मागे ठेवतात, पान म्हणजे नुसता सांगाडा होतो. फळावर चोचीचा वार असेल तर खोल, वरून रुंद आणि आत निमुळता होत जाणारा खड्डा दिसतो, बहुतेक फळाच्या वरच्या किंवा बाहेरच्या बाजूला जिथे बसायला जागा आहे तिथे. उंदराने खाल्लेलं फळ खालून किंवा फांदीच्या बाजूने पोखरलेलं असतं आणि कडेवर बारीक बारीक दातांच्या खुणा असतात.

पायरी ४: उंची मोजा

सोपं आहे, टेप घ्या. जमिनीपासून साधारण दोन फुटांच्या आतच सगळं नुकसान असेल तर ससा किंवा त्याहून लहान प्राणी. ससा मागच्या पायांवर उभा राहून तेवढंच पोचतो. दोन फुटांच्या वर, कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत असेल तर हरीण किंवा गुरं. आणि सगळ्या झाडांची पानं एकाच उंचीच्या खाली गायब, वर हिरवीगार, जणू कोणी पट्टी लावून कापलीयेत असं दिसलं तर तो चरणाऱ्या प्राण्याचा हमखास पुरावा, कारण त्याचं तोंड तेवढंच वर जातं.

शेळी मात्र या नियमात बसत नाही, मागच्या पायांवर उभी राहते, झाडावर पाय टेकते, वेळ पडली तर चढते. उंदीर, खार, माकड, वटवाघूळ यांना उंचीचा प्रश्नच नाही.

पायरी ५: दिवसा की रात्री?

यासाठी दोन दिवस शिस्त पाळावी लागेल. संध्याकाळी अंधार पडायच्या आधी एकदा चक्कर, फोटो. पहाटे उजाडताच परत चक्कर, फोटो. बस. नुकसान उजेडात झालं तर यादीत उरतात पक्षी, खार, माकडं, मोकाट गुरं, नाकतोडे. खार पक्की दिवसाची आहे, रात्रीच्या चोरीचा आळ तिच्यावर घेऊ नका. अंधारात झालं तर उंदीर, घूस, साळिंदर, रानडुक्कर, वटवाघळं, उदमांजर, गोगलगायी आणि रोपं कुरतडणारी अळी. ससा आणि हरीण बहुतेक संधिप्रकाशात आणि रात्री, पण माणसांची वर्दळ नसेल तर दिवसाही येतात.

रात्री दहाच्या सुमारास टॉर्च घेऊन एक फेरी मारा, हळू, पाय न आपटता. गोगलगायी आणि अळ्या तर रंगेहाथ सापडतात. पावसानंतरची रात्र यासाठी एक नंबर.

पायरी ६: लेंड्या, आणि त्याआधी एक सूचना

हाताने उचलू नका, वाकून वास घेऊ नका, वाळलेल्या असतील तर झाडूने झाडूही नका. उंदराच्या लघवी-विष्ठेतून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात, वाळलेली धूळ श्वासातून गेली तर आणखीही काही संसर्ग होऊ शकतात. ग्लोव्ह्ज घाला, जंतुनाशकाने ओलं करा, मग उचला. गोगलगायीसुद्धा उघड्या हाताने धरू नका, त्यांच्यात उंदरांकडून आलेला फुप्फुसकृमी असू शकतो आणि तो माणसाला त्रासदायक ठरू शकतो. सॅलडची पानं नीट धुवायची ती यासाठीपण.

सशाची लेंडी गोल, वाटाण्याएवढी, थोडी चपटी, कोरडी, आणि मोडली तर आत गवताचा भुसा. मोडायची तर काडीने. एका ठिकाणी विखुरलेल्या बऱ्याच सापडतात. हरणाची लांबट, चकाकणारी, बऱ्याचदा एक टोक निमुळतं आणि दुसऱ्या टोकाला किंचित खळगा, आणि ढीग पडलेला. शेळीची याच्याशी इतकी मिळतीजुळती असते की फक्त लेंडीवरून मी तरी पैज लावणार नाही.

छोट्या उंदराची तांदळाच्या दाण्याएवढी, टोकदार. मोठ्या उंदराची एक ते दोन सेंटिमीटर, मधे फुगीर. उदमांजराची विष्ठा लांब आणि आत अख्ख्या बियाच बिया, आणि ती मुद्दाम उघड्यावर, भिंतीवर, दगडावर, ओंडक्यावर केलेली असते. फळं रात्री गायब होतायत आणि कठड्यावर बियांचा ढीग दिसतोय, तर केस तिथेच संपली.

पायरी ७: ठशांसाठी सापळा, म्हणजे नुसती माती

कोरड्या खडबडीत जमिनीवर ठसे उठत नाहीत आणि मग लोक म्हणतात काहीच आलं नाही. झाडाभोवती दीड-दोन फुटांचा पट्टा साफ करून त्यावर चाळलेली बारीक माती किंवा ओलसर वाळू बोटाच्या एका पेराएवढ्या जाडीने पसरा आणि फळीने सपाट करा. पीठ वापरू नका, त्याच्या वासाने भलतेच पाहुणे येतात आणि तुमचा प्रयोग फसतो.

सकाळी काय बघायचं: दोन फाकांचा, हृदयाच्या आकाराचा खूर म्हणजे हरीण किंवा शेळी. तसाच पण जास्त बोथट आणि मागे दोन उपखुरांचे ठिपके उमटलेले, आणि आसपासची जमीन नांगरल्यासारखी उलथलेली, तर रानडुक्कर. (मऊ चिखलात किंवा पळताना हरणाचेही उपखूर उमटतात, म्हणून उकरलेली जमीन सोबत बघायची.) उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं आणि मागच्याला पाच उमटतात, कधी मधोमध शेपटीची रेघ. खारीचीही चार-पाचच, पण ती उड्या मारत जाते म्हणून चारही पाय एका झुबक्यात. सशाचा पॅटर्न एकदा पाहिला की विसरत नाही: दोन लांब मागचे पाय पुढे आणि पुढचे दोन छोटे ठसे त्यांच्या मागे, कारण उडी मारताना मागचे पाय पुढच्यांच्या पुढे पडतात. त्यामुळे नवशिक्याला ससा उलट्या दिशेने गेला असं वाटतं, मलाही वाटलं होतं.

बिळं आणि खड्डे

उंदराचं बीळ गोल, दोन-तीन इंच रुंद, तोंड गुळगुळीत झालेलं आणि तिथून भिंतीच्या कडेने जाणारी चोपून बसलेली वाट. घुशीचं बीळ मोठं आणि तोंडाशी उकरलेल्या मातीचा भलामोठा ढीग. बीळ चालू आहे की जुनं हे बघायला कागदाचा बोळा तोंडात सैलसर कोंबा, सकाळी बाहेर ढकललेला किंवा आत ओढलेला असेल तर मालक घरी आहेत. मात्र बिळात हात घालायचा नाही, उंदीर निघून गेल्यावर तिथे साप राहायला येतात.

चिमूटभर उथळ खड्डे, कुंडीतली माती बाहेर सांडलेली, हे खारीचं काम असतं, काहीतरी पुरून ठेवायचं नाहीतर पुरलेलं शोधायचं. मांजरही उकरते पण तिचं कारण वेगळं असतं आणि ते वासावरून कळतं. चिचुंद्रीला लोक उगाच मारतात, ती किडे, गांडुळं खाते, रोपं नाही.

पायरी ८: झाकून बघा

एवढं करूनही नक्की होत नसेल तर हा प्रयोग करा, यात खोटं बोलायला जागा नाही. सारखीच चार रोपं निवडा. एकावर फक्त रात्री टोपली किंवा क्रेट पालथा घाला, दगड ठेवा. दुसऱ्यावर फक्त दिवसा, पण उजेड-हवा जाईल असं काहीतरी. तिसऱ्याभोवती इंचभर भोकाची जाळी, सगळीकडून आणि वरूनही बंद. चौथं उघडं. तीन-चार दिवस. जाळीतलंही खाल्लं गेलं तर चोर एक इंचाच्या भोकातून मावणारा आहे किंवा मातीतूनच येतोय: छोटा उंदीर, गोगलगाय, अळी. रात्री झाकलेलं वाचलं आणि बाकीची गेली तर तुम्हाला कळलंच. मी हा प्रयोग पहिल्या दिवशी केला असता तर तो जाळीवाला रविवार वाचला असता.

मोठ्या प्राण्यासाठी अजून सोपं: शिवणाचा साधा दोरा दोन काठ्यांना एक वीतभर उंचीवर आणि एक कमरेएवढ्या उंचीवर बांधा. सकाळी कुठला तुटलाय बघा. दोन्ही शाबूत आणि झाड खाल्लंय म्हणजे खालून कोणीतरी गेलंय किंवा वरून आलंय.

पायरी ९: कॅमेरा, पण समजून

ट्रेल कॅमेरा, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा, मिळाला तर छानच, पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. बहुतेक ट्रेल कॅमेऱ्यांचा सेन्सर हलणारी उष्णता ओळखतो. गोगलगाय आणि अळीचं अंग आजूबाजूएवढंच थंड असतं, त्यामुळे ती लेन्ससमोरून परेड करत गेली तरी कॅमेरा ढिम्म. रिकामं मेमरी कार्ड म्हणजे कोणी आलं नाही असं नसतं. अशा वेळी टाइमलॅप्स मोडवर टाका, दर पाच मिनिटांनी एक फोटो.

लावताना गुडघ्याच्या उंचीवर, झाडापासून दीड-दोन मीटर लांब, तोंड उगवत्या-मावळत्या सूर्याकडे नको, आणि समोर हलणारं गवत-पान नको, नाहीतर सकाळी आठशे फोटो एकाच पानाचे निघतात. एका ट्रिगरला तीन फोटो असं सेटिंग ठेवा, पहिल्यात बऱ्याचदा नुसती शेपूट असते.

दोन चोर असू शकतात, आणि कधी एकही नसतो

टोमॅटोच्या एका वाफ्यात मी वरची फळं टोचलेली आणि खालची पोखरलेली पाहिली होती, वरती दिवसा पक्षी, खाली रात्री उंदीर, दोन शिफ्टमध्ये काम चालू. त्यामुळे एका झाडावर दोन प्रकारच्या खुणा दिसल्या तर त्या जबरदस्तीने एकाच प्राण्यात बसवायचा प्रयत्न करू नका. आणि आधी उंदराने पोखरलेल्या फळात नंतर गोगलगायी, मुंग्या शिरतात, सकाळी तुम्हाला शेवटचा गिऱ्हाईक दिसतो, पहिला नाही.

खोडाच्या बुडाशी गोल साल सोललेली पण दातांची एकही खूण नाही, तर गवत कापायच्या मशीनची दोरी आठवा. पानाला गोल भोकं पण भोकाभोवती तपकिरी कडा, आणि काही डाग अजून गळून पडायचेत, तर तो रोग आहे, सुकलेला भाग गळून भोक पडतं. गारा, जोराचा वारा यांनीही पानं फाटतात, पण तेव्हा तुकडा गायब होत नाही, फाटलेला लोंबत असतो.

नाव कळलं, आता?

थोडक्यात सांगतो, कारण हा वेगळा विषय आहे. सशासाठी अडीच-तीन फूट उंच, इंचभर भोकाची जाळी, खाली अर्धा फूट पुरून बाहेरच्या बाजूला वळवलेली. हरणासाठी आठ फूट, त्याहून कमी असेल तर ते उडी मारतं. उंदरासाठी भोक सहा मिलिमीटरपेक्षा मोठं नको, आणि गळलेली फळं रोज उचलायची. गोगलगायीसाठी ओलं पोतं किंवा फळी रात्रभर वाफ्यात ठेवा, सकाळी उलटी करून गोळा करा. कुरतडणाऱ्या अळीसाठी रोपाभोवती पुठ्ठ्याची कॉलर, अर्धी मातीत अर्धी वर, म्हणजे तिला देठाला वेढा घालता येत नाही. फळांना जाळी किंवा पिशवी, जाळी ताणून लावा, सैल जाळीत पक्षी आणि साप अडकून मरतात.

विष शक्यतो नकोच. विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर तेही मरतं, म्हणजे उंदीर फुकटात मारणारा आपणच घालवला. आणि वन्यप्राणी पकडणं, इजा करणं याला बऱ्याच ठिकाणी कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पिंजरा आणायच्या आधी तुमच्याकडच्या वनखात्याला विचारून घ्या.

आणि उपाय केल्यावर एक रोप मुद्दाम उघडं ठेवा. सगळी झाकली आणि नुकसान थांबलं तर ते जाळीमुळे थांबलं की प्राणीच दुसरीकडे गेला हे कळत नाही. उघडं रोप खाल्लं गेलं आणि झाकलेली वाचली तर जाळी काम करतेय. उघडंही महिनाभर शाबूत राहिलं तर जाळी काढून ठेवा, घेवड्याच्या वाफ्यात आत-बाहेर करताना तिच्यात आपलाच पाय अडकतो.